साळवे सिस्टर आणि त्यांचा मुकादम

साळवे सिस्टर “बरं, येते मी” म्हणाल्या की आमच्या गल्लीतला अनुभवी माणूस त्यांना पोचवायला उठत नसे. उलट तो नीट मांडी घालून बसे. कारण खरा कार्यक्रम तिथून सुरू व्हायचा. बसलेल्या प्रत्येकाला वेगवेगळं सांगून व्हायचं, मग उंबऱ्यात उभ्या राहून राहिलेलं एक बोलणं निघायचं, मग फाटकाशी गेल्यावर कुणाच्या तरी खोकल्याचं औषध आठवायचं, आणि अर्ध्या रस्त्यातून परत येऊन “येते बरं का” हे पहिल्यापासून. जयभीमवाल्याला जयभीम, रामरामवाल्याला रामराम आणि कोपऱ्यावरच्या शिलाईवाल्या चाचांना खुदा हाफिज. घरातून निघताना “जाते” म्हणू नये, “येते” म्हणावं, हे आपल्याकडे सगळ्यांनाच लहानपणी शिकवतात. सिस्टरांनी त्याचा पार कहर केला होता.

सेलूला त्यांची बहीण असते. एकदा तिकडे जायला त्या एसटीत चढल्या आणि पोचवायला आलेल्या शेजारणीला काहीतरी सांगायचं राहिलं म्हणून परत उतरल्या. गाडी सुरू, कंडक्टरने घंटी दिलेली, आणि ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात ठेवून शांत बसलेला. मागून ओरडा सुरू झाला तेव्हा तो म्हणाला की सिस्टरचं झाल्याशिवाय गाडी हलत नसती, जन्मल्यापासून बघायलोय. यात खोटं काही नव्हतं. पाथरीतल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या कितीतरी माणसांना पहिली सुई सिस्टरांनीच टोचलेली होती. त्यामुळे समोर कुणीही येवो, वकील असो की जीपवाला, त्यांची नजर आधी त्याच्या दंडाकडे जायची. भर लग्नात, अक्षता पडायच्या आत, त्या शेजारच्या बाईला नवरदेवाबद्दल सांगायच्या, “लय रडका होता हा. मांडीवर धरायला दोघी लागायच्या.” हे नवरदेवालाही ऐकू जायचं.

अंगाने बुटक्या, चालणं तुरुतुरु, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. सरकारी नोकरी संपली तरी बूट सुटले नाहीत. हात धुवायचे ते कोपरापर्यंत, भाजी निवडायच्या आधीसुद्धा. उकळण्यावर त्यांचा फार विश्वास. मी नवीन चहाची गाळणी आणली तर ती माझ्या हातातून घेऊन त्यांनी उकळून आणून दिली. गाळणी प्लास्टिकची होती. तिचं जे झालं ते बघून त्या म्हणाल्या की माल हलका होता.

मी परभणीचा. पाथरीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवायला लागलो आणि नानांच्या घरातली मागची खोली भाड्याने घेतली. पुढच्या दोन खोल्यांत सिस्टर एकट्या, माडीवर घरमालक नाना आणि त्यांचं कुटुंब. सिस्टर मला “सर” म्हणायच्या आणि अरे-तुरे करायच्या. “सर, जेवलास का रे?” हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला जरा राग आला होता. पुढे पुढे कुणी अहो-जाहो केलं की चुकल्यासारखं वाटायला लागलं. आणखी एक सांगून टाकतो, म्हणजे नंतर गैरसमज नको. मला कुत्री आवडत नाहीत. त्यांचं चाटणं, हुंगणं, उगाच गळ्यात पडणं, यातलं काहीच मला सोसत नाही.

सिस्टरांचं कुत्रं साधं गावरान, तांबड्या रंगाचं, एक कान उभा आणि एक पडलेला. नाव मुकादम. हे नाव त्यांच्या नवऱ्याने, दादारावांनी ठेवलेलं. दादाराव एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. गल्लीत नाली खोदायचं काम चाललं होतं तेव्हा हे पिल्लू कुठूनसं आलं, खोदलेल्या मातीच्या ढिगावर चढून बसलं आणि दिवसभर मजुरांकडे बघत राहिलं. संध्याकाळी मजूर उठले तसं तेही उठलं. दादाराव म्हणाले, मुकादम आहे हा, आणि त्याला घरात घेऊन आले. दादारावांना मी पाहिलेलं नाही. मी राहायला येण्याच्या आदल्या हिवाळ्यात ते गेले. पण मुकादमाचं ते लोकांकडे बघत बसणं मी रोज पाहिलं आहे. मी वऱ्हांड्यात पेपर तपासायला बसलो की तो समोर येऊन बसायचा, आणि माझा हात थांबला की माझ्याकडे बघायचा.

दादाराव रिटायर झाल्यावर घरीच असायचे, त्यामुळे मुकादमाला एकटेपण म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. ते गेल्यावर काही महिने सेलूची बहीण येऊन राहिली. ती परत गेली, आणि घर खायला उठतं म्हणून सिस्टर एका खाजगी डॉक्टरांच्या दवाखान्यात सकाळपासून दुपारपर्यंत जायला लागल्या. त्या दिवसापासून मुकादमाने घर खायला सुरुवात केली. हे मी अलंकारिक बोलत नाही. आधी एक चप्पल, मग दोन्ही, मग केरसुणी, मग गादी. गादीतला कापूस त्याने दोन्ही खोल्यांत असा पसरला होता की दार उघडल्यावर सिस्टर दोन पावलं मागे सरकल्या. मग त्याने दाराला तोंड लावलं.

सिस्टर चाळीस वर्षांच्या नोकरीतून तयार झालेल्या होत्या, त्या घाबरणाऱ्या नव्हत्या. त्यांचं निदान झटकन झालं. लेकराचं अंगावरचं दूध तोडायचं असलं की आई कडुलिंब वाटून लावते, तसं याच्या तोंडाची सवय तोडायची. त्यांनी लिंबाचा पाला वाटला, कोपरापर्यंत हात धुतले आणि दाराच्या चौकटीला खालपासून लेप दिला. दुपारी आल्या तर चौकट चाटून लख्ख, आणि त्याखालचं लाकूड नव्याने कुरतडलेलं. मग कारल्याचा रस झाला. तोही गेला. मग त्यांनी तिखट कालवलं, लावलं, आणि त्याच हाताने स्वतःचा डोळा चोळला. त्या दिवशी दवाखान्यात त्यांनाच पेशंट म्हणून जावं लागलं. मुकादमाला नुसत्या शिंका आल्या.

औषध लागू पडेना म्हणून मग शाळा सुरू झाली. परत आल्या की सिस्टर त्याला फाडलेल्या वस्तूसमोर उभं करायच्या आणि रागवायच्या. मागच्या खोलीत मला सगळं ऐकू यायचं. गादी किती महाग झाली, दादारावांनी ती कुठून आणली होती, चांगल्या घरातल्या कुत्र्याने कसं वागावं, असं बरंच. तो दोन्ही कान पाडून भिंतीला चिकटायचा. त्या बाहेर येऊन मला मोठ्या समाधानाने सांगायच्या की बघ, त्याला सगळं कळायलंय. दुसऱ्या दिवशी ते कळलेलं कुठे जायचं, देव जाणे.

आता ती चौकट साधी नव्हती. मुलाच्या लग्नाच्या वेळी नानांनी मुद्दाम सागवानी करून घेतलेली, वर वेलबुट्टी, त्यावर पॉलिश. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते तिच्यावरून हात फिरवायला लावत. तिच्या एका बाजूची कड गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत झिजून उंदराने खाल्लेल्या भाकरीसारखी दिसायला लागली. नाना वाईट माणूस नाहीत. कित्येक दिवस ते जिन्यावरून उतरताना मुद्दाम दुसरीकडे बघत उतरायचे. शेवटी एका संध्याकाळी खाली आले, चहा घेतला, दादारावांची आठवण काढली, आणि मग हळूच म्हणाले की झरीला त्यांच्या मेहुण्याची मोसंबीची बाग आहे, तिथे राखणीला कुत्रं पाहिजे. साखळी लांब ठेवतील, खायला कमी पडणार नाही.

“पाडव्यापत्तुर बघा सिस्टर,” नाना म्हणाले. “न्हाई जमलं तर मेहुणा जीप घेऊन येईल. मला बी बरं वाटंना, पण घर हाय माझं.”

सिस्टरांनी मान हलवली. नाना जिना चढून गेल्यावरही त्या कपबशा न उचलता तशाच बसून राहिल्या. मुकादम त्यांच्या बुटावर हनुवटी ठेवून झोपला होता. त्यांच्या तोंडून शब्द निघाला नाही असा मी पाहिलेला तो पहिलाच प्रसंग. मला कुत्री आवडत नाहीत, पण ते बघवेना.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी माझा जुना मोबाईल आवाज भरून घ्यायला चालू करून त्यांच्या फडताळावर ठेवला. निदान हा नेमका कधी सुरू होतो ते तरी कळावं. संध्याकाळी तो मोबाईल घेऊन आम्ही जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तिथे नव्या आलेल्या डॉक्टरबाई होत्या, हिंगोलीकडच्या, वयाने माझ्याएवढ्याच. एका म्हशीची तपासणी आटोपून, हात धुवून त्यांनी ऐकायला घेतलं. सिस्टरांचं लक्ष त्या हात नीट धुतात की नाही याकडे होतं.

मोबाईलमधून बराच वेळ एकच आवाज येत होता आणि तो मुकादमाचा नव्हता. “येते हां माझ्या राजा. रडू नको. मी येते बरं का. कोन हाय रे तुला? मीच हाय. येते हां.” मग दार लागल्याचा आवाज, कुलूप, आणि पुन्हा कुलूप उघडल्याचा. “पाणी पी बरं. बाहेर बघत बसू नको. मी आलेच.” पुन्हा कुलूप. मग खिडकीतून, “येते रे.” त्यानंतर कुत्र्याचं कण्हणं सुरू झालं, आणि लगेच लाकडावर दातांचा आवाज. डॉक्टरबाईंनी मोबाईल बंद केला. हसू त्यांना आवरत नव्हतं, पण बोलल्या त्या शांतपणे. हा खोड्या करत नाही, हा घाबरतो. तुम्ही निघताना एवढं करता की त्याला वाटतं आता काहीतरी भयंकर होणार. आल्यावर तुम्ही रागावता ते दाराबद्दल, हे त्याला कळत नाही. बाई आली आणि चिडली, एवढंच कळतं. मग उद्या तुमच्या जाण्याची भीती आणि येण्याचीही.

पुढे त्यांनी काय करायचं तेही सांगितलं. सकाळी दमेपर्यंत फिरवून आणायचं. चावायला त्याचं स्वतःचं काहीतरी द्यायचं, परभणीत आतून पोकळ, जाड रबराची खेळणी मिळतात, त्यात काहीतरी खायचं गच्च भरून. थोडाच वेळ बाहेर जायचं, तो रडायच्या आत परत यायचं, आणि वेळ हळूहळू वाढवत न्यायची. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे जाताना काही बोलायचं नाही. डोक्यावरून हात नाही, निरोप नाही. पिशवी उचलायची आणि निघायचं. आल्यावरसुद्धा तो शांत होईपर्यंत लक्ष द्यायचं नाही.

सिस्टरांनी बाकी सगळं मान हलवत ऐकलं. शेवटचं ऐकून त्या उठल्याच. रस्ताभर त्या माझ्यापुढे तुरुतुरु चालत होत्या. फाटकापाशी आल्यावर थांबल्या.

“सर, तुला म्हाईत न्हाई,” त्या म्हणाल्या. “मी आंघोळीला बसले व्हते. ह्यांनी चपला घातल्या आन् चहा प्यायला गेले हाटेलावर. रोज दारातून आवाज द्यायचे, येतो म्हणून. त्या दिशी न्हाई दिला. माझं पाणी पडत व्हतं, दिला आसंल तरी मला आयकू न्हाई आला. तिथंच हाटेलात बसल्या जाग्यावर गेले. न सांगता एकजण गेला माझ्या घरातून. आता मी बी न सांगता जाऊ व्हय?”

मी पडलो भूगोल शिकवणारा. फाटकाच्या कडीशी चाळा करत उभा राहिलो. आत मुकादमाला आमची चाहूल लागली होती आणि तो दारावर पंजे मारायला लागला होता. सिस्टरांनी ते ऐकलं. मग पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, “साखळीला बांधत्यात म्हणं त्याला. चल, ते रबराचं काय म्हणली ती बाई, ते कुटं मिळतंय बघ.”

पुढच्या रविवारी मी परभणीहून ते खेळणं घेऊन आलो. सिस्टरांनी ते अर्थातच आधी उकळलं. ते टिकलं, म्हणून त्यांच्या मनात त्याच्याबद्दल आदर निर्माण झाला. त्यात त्या दही-भाकर कुस्करून गच्च दाबायच्या. मुकादम ते पुढच्या दोन पायांत धरून अगदी मन लावून कोरत बसायचा. सकाळी उठून त्याला पाथरीबाहेर शेतांच्या कडेने फिरवून आणण्याचं काम माझ्याकडे कसं आलं, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

खरी गंमत मात्र सरावाची झाली. रोज संध्याकाळी सिस्टर पिशवी खांद्याला लावायच्या, आणि परत खाली ठेवून भाजी निवडायच्या. किल्ल्या उचलायच्या, खुळखुळवायच्या, आणि परत ठेवून द्यायच्या, म्हणजे किल्ल्यांचा आवाज झाला की प्रलय येतो हे त्याच्या डोक्यातून जावं. मग दार ओढून बाहेर यायच्या आणि भिंतीला लागून गप्प उभ्या राहायच्या, त्याला आवाज जाऊ नये म्हणून. आता साळवे सिस्टर भर संध्याकाळी स्वतःच्या दारात, पिशवी लावून, काही न बोलता उभ्या आहेत, हे दृश्य बघून गल्ली कशी पुढे जाईल? पहिल्यांदा चाचा आले. किल्ली हरवली का विचारायला लागले. सिस्टरांनी तोंडावर बोट ठेवलं. मग शेजारची बाई आली, तिलाही बोट. तिसरीला वाटलं की नवरा गेल्यापासून यांनी मनाला लावून घेतलं आणि आता वाचाच गेली. ती घरी जाऊन आल्याचा काढा करून घेऊन आली. कुणी म्हणालं विहारात काही मौनाचं व्रत घेतलं असेल. सिस्टर खुणांनी सगळ्यांना वाटेला लावत होत्या, चेहरा लाल झालेला, ओठ आवळलेले. इतकी वर्षं ज्या बाईने अख्ख्या गल्लीला उलटं-पालटं करून विचारपूस केली, तिला एका शब्दाचं उत्तर देता येत नव्हतं. मी मागच्या खिडकीत तोंडावर पुस्तक धरून हसत होतो. नंतर त्यांनी तो काढा मला प्यायला लावला.

पण ते जमायला लागलं. त्या भिंतीपासून फाटकापर्यंत गेल्या, मग कोपऱ्यापर्यंत, मग दुकानापर्यंत. घरात शांतता. दवाखान्याच्या डॉक्टरांना सांगून त्यांनी काही दिवस कामाची वेळ कमी करून घेतली. सुतार बोलावून स्वतःच्या खर्चाने चौकटीची खाल्लेली कड नव्याने बसवून घेतली. नाना येऊन बघून गेले. त्यावर त्यांनी हात फिरवला.

आणि मग पाडव्याच्या आदल्या आठवड्यात सगळं मुसळ केरात गेलं. दवाखान्यातल्या कंपाउंडरच्या मुलीचं लग्न होतं, सिस्टर पहिल्यांदाच दुपार उलटेपर्यंत बाहेर राहणार होत्या. नवी साडी नेसल्या, निघाल्या, आणि दारात त्यांचा धीर सुटला. मागच्या खोलीत मला त्यांचा आवाज आला, “येते हां माझ्या राजा.” मी पेन खाली ठेवलं. नंतर त्या मला म्हणाल्या की दार ओढताना त्याने मान वर करून बघितलं, आणि माझ्यानं राहवलं नाही. संध्याकाळी त्या आल्या तेव्हा सुताराने बसवलेली नवी पट्टी जमिनीवर होती. सिस्टर नव्या साडीनिशी तिथेच उंबऱ्यावर बसल्या. रागावल्या नाहीत त्याला, हीच त्यातल्या त्यात बरी गोष्ट. नानांनी जिन्यावरून हे बघितलं आणि खाली न येता वर परत गेले. झरीला फोन गेला असणार हे आम्हा दोघांनाही कळलं.

त्यानंतरचे दिवस सिस्टर मुक्याच झाल्या होत्या म्हटलं तरी चालेल. त्या मुकादमाशीच नाही, कुणाशीच निघताना बोलेनात. दवाखान्यातून निघताना कंपाउंडरला नाही, बाजारातून निघताना भाजीवालीला नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, सवय मोडायची तर सगळीकडं मोडायला पाहिजे, एका जागी मोडून भागत नाही. भाजीवालीला वाटलं आपलं काही चुकलं. ती मला दोनदा विचारून गेली.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच नानांचा मेहुणा जीप घेऊन आला. धोतर, डोक्याला टॉवेल, हातात नवी साखळी. माणूस दिलखुलास होता आणि त्याला घाई होती. नेमकी त्या दिवशी दवाखान्यात सलाइनची माणसं जास्त, सिस्टर सकाळीच गेलेल्या. जाताना मी त्यांना पाहिलं होतं. पिशवी उचलली, दार ओढलं, कुलूप लावलं आणि समोर बघत चालत्या झाल्या. फाटकाशी पाय थोडा अडखळला, पण थांबल्या नाहीत.

त्यामुळे आम्ही तिघे, नाना, मेहुणा आणि मी, बंद दाराबाहेर उभे राहिलो. सिस्टर आल्याशिवाय कुत्रं काढायचं नाही असं नानांनी मेहुण्याला बजावलं. मी वऱ्हांड्यात खुर्च्या मांडल्या. चहा झाला. मेहुण्याने झरीच्या कापसाचं सांगितलं, मोसंबीवरच्या रोगाचं सांगितलं, आणि अधूनमधून दाराकडे बघत होता. आतून कसलाच आवाज येईना, तेव्हा शेवटी त्याने विचारलं की कुत्रं नक्की आत आहे ना. मला वेगळीच शंका यायला लागली होती. आज तो दाराकडे गेलाच नसेल, दुसरं काहीतरी फाडत बसला असेल.

नाना उठले. खिडकीच्या फटीतून डोळा लावून आत बघितलं. बराच वेळ बघत राहिले. मग मला खुणेने बोलावलं. आत मुकादम सिस्टरांच्या जुन्या लुगड्यावर आडवा झाला होता, रबराचं खेळणं पोटाशी, चाटून कोरडं. एक डोळा उघडून त्याने आमच्याकडे बघितलं आणि परत मिटला. गादी जागेवर होती. केरसुणी जागेवर होती. चौकटीला दाताची नवी खूण नव्हती. मला इतकं हलकं वाटलं की मी नानांचा खांदा धरला.

आम्ही दुपारपर्यंत बसलो. नाना मध्ये मध्ये उठून बघून येत होते आणि प्रत्येक वेळी परत येताना त्यांचा चेहरा मोकळा होत होता. माणसाच्या मनावर किती दिवसांचं ओझं होतं ते तेव्हा कळलं. मेहुण्याला मात्र हा सगळा प्रकार कळेना. झोपलेल्या कुत्र्याला खिडकीतून बघायला दोन शिकलेली माणसं एवढी का उठतात? त्याने साखळी खांद्यावर टाकली.

“दाजी, हे कुत्रं राखणीच्या कामाचं न्हाई,” तो म्हणाला. “आमी तिघं दारात बसलाव आन् हे झोपायलंय. मला न्हाई पाहिजे.”

“नको नेऊ,” नाना म्हणाले. “राहू दे इथंच.”

सिस्टर आल्या तेव्हा जीप गेली होती. कोपऱ्यावर चाचांनी त्यांना जीप आल्याचं सांगितलं होतं, त्यामुळे त्या जवळजवळ पळत आल्या होत्या, एका बुटाची नाडी सुटलेली. आम्ही दोघं काही बोलायच्या आत त्यांनी कुलूप उघडलं. मुकादम उठला, आळस दिला, शेपूट हलवली, जवळ येऊन त्यांच्या साडीला नाक लावलं आणि परत लुगड्यावर जाऊन पडला. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. सगळ्या खोलीवरून नजर फिरवली, चौकटीवरून हात फिरवला. मग मोरीत गेल्या आणि कोपरापर्यंत हात धुवायला लागल्या. पाणी बराच वेळ पडत होतं. त्या रडत आहेत हे आम्हाला कळत होतं, आणि नाना आकाशाकडे बघत होते.

बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते, पण आवाज नेहमीचा. “माझ्याकडं नीट बघितलं बी न्हाई त्यानं,” त्या म्हणाल्या. “आई आली काय, गेली काय. काई फिकीरच न्हाई.” हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही. नाना म्हणाले की आपण काही बोललो होतो ते विसरून जा. सिस्टर म्हणाल्या, आधी काही खाल्लं का ते सांगा, नुसत्या चहावर बसून पित्त होतंय.

त्या उन्हाळ्यात माझी जिंतूरला बदली झाली. सामान थोडं, एका टेम्पोत मावणारं. निघायची सकाळ आणि सिस्टरांची दवाखान्याला जायची वेळ एकच आली. त्या बाहेर आल्या, पिशवी खांद्याला, दार ओढलं, कुलूप लावलं. आत चुळबुळ नाही की कण्हणं नाही. मग टेम्पोपाशी येऊन माझा निरोप घ्यायला सुरुवात केली. जिंतूरच्या पाण्याने पोट बिघडतं, पाणी उकळून पी. येलदरीच्या धरणातले मासे मिळतात तिथे, पण ताजे बघून घे. लग्न कर. त्या मुलीला आधी माझ्याकडे आण. फोन कर. टेम्पोवाल्याने इंजिन सुरू केलं तर त्यालाही थांबवून, तुझी आई कशी आहे, म्हणून विचारलं.

टेम्पो निघाला तरी त्या बाजूने चालत बोलत होत्या, मग रस्त्याच्या मधोमध थांबल्या आणि तिथून हात करून सांगत राहिल्या. मी मागे वळून बघत होतो. त्यांच्या पाठीमागे घर होतं, कुलूप लावलेलं दार होतं, आणि त्या एवढा वेळ उभ्या होत्या, पण त्या दाराकडे त्यांनी एकदाही वळून बघितलं नव्हतं.